दुसरा नळ

१७ सप्टेंबर

उत्तरतालिका आली. सकाळपासून नुसता संताप होतोय.

टाकीचा प्रश्न चुकला म्हणे माझा! शाळेपासून सोडवतेय मी ही गणितं. पहिला नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नळ तीच टाकी बारा तासांत भरतो, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? चार तास. झोपेतून उठवून विचारा, चारच सांगेन. तालिका म्हणते बारा.

अरे, दुसरा नळ एकटाच बारा तासांत भरतोय. मग पहिला काय करत होता?

पिंकीला दाखवलं. पिंकी माझी रूम पार्टनर, वैरागची. लिपिकाची हीच संगणकावरची परीक्षा तिनेही दिली, माझ्याच मागच्या रांगेत बसून. ती म्हणाली, "मला बाराच आलंय की. मी इंग्रजीतनं वाचला हुता." तिचं बी.एस्सी. इंग्रजीतून झालंय. मग तिने स्वतःची उत्तरपत्रिका उघडून इंग्रजी प्रश्न वाचून दाखवला. त्यात दुसरा नळ टाकी रिकामी करतो. रिकामी! एक भरतोय, दुसरा सांडतोय, म्हणून बारा.

म्हणजे तिचं गणित बरोबर आणि माझंही बरोबर. भाषांतर करणाऱ्याने एक शब्द उलटा लिहिला आणि गुण माझे गेले.

१८ सप्टेंबर

सूचनांच्या पानावर अगदी तळाला सापडलं — मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत असल्यास इंग्रजी ग्राह्य.

मग मराठीत विचारता कशाला? नोकरी मराठीत करायची, टिपणी मराठीत लिहायची, समोर येणारा माणूस मराठीत भांडणार. आणि परीक्षेत मराठी वाचणारा मूर्ख!

१९ सप्टेंबर

आक्षेप नोंदवला. संगणकावर कारण निवडायला लावतात. 'उत्तर चुकीचे', 'पर्याय चुकीचे', 'अभ्यासक्रमाबाहेरील'. 'भाषांतर चुकीचे' हे कारणच नाही. असली चूक आपल्या हातून होईल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नसावं. 'उत्तर चुकीचे' निवडलं आणि खाली सगळं लिहिलं. पिंकीने तिचा इंग्रजी प्रश्न जोडायला दिला. माझ्या उत्तरपत्रिकेत फक्त मराठीच दिसतं, तो नसता तर माझ्याकडे पुरावाच नव्हता.

मदत केंद्राला फोन केला. मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, इंग्रजीत बघायचं बटण कोपऱ्यात होतं ना." म्हणजे मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा, त्यांची चूक शोधायची, मग सोडवायचा. आणि इंग्रजीतून शिकलेल्याने एकदाच वाचायचा. वेळ मात्र दोघांना सारखा.

४ ऑक्टोबर

आक्षेपाचं अजून काही नाही. अभ्यास होत नाही. नळ बघितला तरी डोकं फिरतं.

१६ ऑक्टोबर

यादी लागली.

पिंकीचं नाव आहे. शेवटचं, पण आहे. माझं नाही. दोन गुणांनी गेलं. एका प्रश्नाचे दोन गुण, आणि तो प्रश्न कोणता हे वेगळं सांगायला नको.

पिंकीने मिठी मारली तेव्हा मी तिला घट्ट धरलं, ते खरं होतं. तिने पेढा दिला तोही खाल्ला. मग बाथरूममध्ये जाऊन बादलीला लाथ घातली. तेही खरंच होतं.

आक्षेपाचं उत्तर एका ओळीत — 'तज्ज्ञांच्या मते उत्तर योग्य आहे.' कुठल्या भाषेतले तज्ज्ञ?

१७ ऑक्टोबर

बिरुदेवला सांगावं लागलं. तो माझा धाकटा भाऊ. इथल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर रात्रपाळी करतो. वळसंगपुढच्या आमच्या गावाहून रोज मोटारसायकलवर येतो. कॉलेज त्याने सोडलं, मी नाही. "तायडीला नोकरी लागली की मी दिवसपाळी घेतो," असं सगळ्यांना सांगत असतो.

फोनवर मागाचा खडखडाट चालू होता. मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"किती कमी पडलं?"

"दोन."

"दोनच की. पुढच्या टायमाला हुईल."

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर

गप्प बसायचं नाही असं ठरवलं. अभ्यासिकेत विचारत फिरले — टाकीला चार कुणी लिहिलं? मराठी घेतलेल्या जवळजवळ सगळ्यांनी! माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सोमेश म्हणाला, "मी घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठीत केली, आता इंग्रजीत बघायचं होतं म्हणतात. अजून किती भाषा शिकू?" तो माझ्याबरोबर भरतीच्या कार्यालयात यायला तयार झाला. बाकीचे अर्जावर सह्या करायला घाबरतात. पुढच्या भरतीत आपलं नाव बघून कापतील, असं त्यांना वाटतं.

रात्री पिंकीला विचारलं, "मी हे वाढवलं तर तुला चालंल का?"

"करच तू. चूक ती चूक." मग म्हणाली, "माझं काय जातंय त्यात? माझं तर बरोबरच हाय."

मलाही तसंच वाटलं.

२७ ऑक्टोबर

मी आणि सोमेश भरतीच्या कार्यालयात गेलो. आधी शिपाई म्हणाला, परीक्षा कंपनीनं घेतली, आमचा संबंध नाही. कंपनी म्हणते, निर्णय कार्यालयाचा. दुपार होईपर्यंत बाकड्यावर बसवलं. मग एका अधिकारी मॅडमनी आत बोलावलं.

"भाषांतरात थोडं इकडं-तिकडं होतंच," त्या म्हणाल्या. "भावार्थ लक्षात घ्यायचा असतो."

मी कागद पुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही फक्त मराठी वाचा. दुसरा नळ काय करतो?"

त्यांनी वाचलं. "भरतो."

"मग उत्तर किती?"

बाईंनी पेन घेऊन कोपऱ्यात आकडेमोड केली. चार आलं. मला दिसलं चार आलेलं. तरी म्हणाल्या, "एवढ्या मुलांना काही अडचण आली नाही, तुम्हालाच कशी आली?"

त्यांना इंग्रजी येत होतं, मॅडम. एवढाच फरक. पण परीक्षा इंग्रजीची नव्हती ना. मी हे मोठ्याने बोलले. आवाज चढला माझा. सोमेशने बाही ओढली. पण बाईंनी अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारून दिला. "वर पाठवते. आशा ठेवू नका."

१२ नोव्हेंबर

पिंकीला कागदपत्रांच्या पडताळणीसाठी बोलावलंय. नवीन ड्रेस शिवायला टाकलाय. मी तिला दाखले क्रमाने लावून दिले. चिडचिड होते आणि चिडचिडीची लाज वाटते, दोन्ही एकदम.

१ डिसेंबर

प्रश्न रद्द! मराठी मजकूर सदोष असल्याने सर्व उमेदवारांना त्याचे पूर्ण गुण, सुधारित यादी लवकरच. त्यांनीच लिहिलंय — सदोष! मी ते पाच-सहा वेळा मोठ्याने वाचलं. सोमेशने अभ्यासिकेबाहेर सगळ्यांना चहा पाजला. बिरुदेव फोनवर नुसता हसत होता.

रूमवर आले तर पिंकी कॉटवर मांडी घालून बसलेली.

"सगळ्यांस्नी दोन दिले न्हवं?" तिने विचारलं.

"व्हय."

"मला हुतेच."

मला कळायला थोडा वेळ लागला. आम्हा चुकलेल्यांचे दोन वाढले. तिचे आहेत तेवढेच. आता तिचे आणि माझे गुण सारखे. गुण सारखे असले की वयाने मोठी असेल तिचं नाव वर, असा नियम आहे. मी मोठी आहे, मार्चची. ती त्याच वर्षीच्या जूनची.

दोघींनी जेवण केलं.

२ डिसेंबर

हा कसला न्याय? त्यांनी चूक केली, ती माझ्या माथी मारली. ओरडले तेव्हा माझ्या माथ्यावरून काढली आणि पिंकीच्या माथी मारली. ज्याने तो शब्द लिहिला त्याचं काय गेलं? ज्या तज्ज्ञाने न वाचता 'योग्य' म्हटलं त्याचं काय गेलं? एक जागा वाढवली असती तर आभाळ कोसळलं असतं का?

तिने तर गणित बरोबर सोडवलं होतं.

९ डिसेंबर

सुधारित यादी. शेवटचं नाव माझं. पिंकी प्रतीक्षा यादीत.

बिरुदेवला फोन केला. तो माग सोडून पळत बाहेर आला असावा, खडखडाट एकदम थांबला. "तायडे," एवढंच म्हणाला. रडत होता. त्याला पिंकीचं काही सांगितलं नाही.

पिंकी सकाळच्या गाडीने वैरागला गेली. म्हणाली, "तुझं काय चुकलं न्हाय." माझ्याकडे न बघता म्हणाली. ड्रेस शिंप्याकडेच राहिला.

१४ डिसेंबर

पिंकीचा फोन आला. तिला या निर्णयाविरुद्ध अर्ज करायचाय. ज्यांचं आधीच बरोबर होतं त्यांच्यावर अन्याय झाला, म्हणून. "मला तुझ्यावानी कडक लिवाय येत न्हाय. तू लिहून देतीस का?"

मी व्हय म्हणाले.