पाच मिनिटं जास्तीची

पेरांबूर, रविवार
१३ फेब्रुवारी २००५

प्रिय आशू,

आधी आनंदाची बातमी. तुझं कॉलेज जिंकलं! एका गुणानं! आणि मी ते तिथं बसून, या डोळ्यांनी पाहिलं. तुझी आजी चौथी पास, तेव्हा ओळी कुठं चढतील कुठं उतरतील, तू सांभाळून घे. तुझी आई म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहून देते. मी म्हटलं नको, हे माझं मलाच लिहू दे.

फोनवर सांगितलं असतं रे. पण जोलारपेटला तुमच्या खोलीशेजारच्या त्या चहावाल्याकडे फोन लावला की तो म्हणतो, थंबी लाइनवर गेलाय, म्हणजे पोरगा रुळांच्या कामाला. सकाळी लावला तरी लाइनवर, रविवारी लावला तरी लाइनवर. मे महिन्यात येऊन गेलास त्यानंतर तुझं तोंड दिसलं नाही. माझ्या रत्नाकरच्या, तुझ्या बाबांच्या वर्षश्राद्धाला आला नाहीस, गणपतीला नाही, दिवाळीला नाही. दर वेळी रजा नाही म्हणून दोन ओळी येतात.  तुझी आई दर शुक्रवारी संध्याकाळी दोन मुठी तांदूळ जास्त धुते, आणि शनिवारी आम्ही दोघी शिळा भात फोडणी घालून खातो. काल तेच खाऊन मी मॅचला गेले.

गुरुवारी तुझा कॉलेजातला मित्र राणोजी आला होता. दारातूनच ओरडला, पाटी, शनिवारी आमच्या ग्राउंडवर बास्केटबॉलची मॅच, तुम्ही यायचंच. मी म्हटलं, अरे तंजावरच्या, घरात मराठी बोलायची, मी पाटी नाही, आजी आहे. तर म्हणतो कसा, आम्ही तीनशे वर्षांपूर्वी इथं आलो, तुम्ही अडतीस वर्षांपूर्वी, मग नव्यानं कोणी शिकायचं? मेला हजरजबाबी. तीन वड्या खाल्ल्या आणि चौथी खिशात टाकून गेला.

शेजारच्या कामाक्षीला सोबत घेतलं. तिनं डब्यात सुंडल, ते फोडणीचे उकडलेले हरभरे, घेतलं होतं, मी जरीकाठी नेसले होते, जसं काही लग्नालाच निघालो. पोरांनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. समोर कोइमतूरची पोरं, एकेक ताडमाड. मला खेळातलं कळतं ते एवढंच, चेंडू त्या जाळीत गेला की टाळी. कुठल्या जाळीत ते राणोजीनं आधीच दाखवलं होतं, डावीकडच्या. मी लक्षात ठेवलं. पण मधल्या सुट्टीनंतर बाजू बदलतात हे कोण सांगणार? मी आपली डाव्या जाळीला टाळ्या पिटतेय, आणि मागची पोरं कुजबुजताहेत, ही पाटी कोइमतूरहून आलीय काय? शेवटी कामाक्षीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. तू असतास तर हसून लोळला असतास.

वेळ संपली तर दोन्हीकडे एकसष्ट. मी पिशवी उचलली, म्हटलं चला, बरोबरी झाली, दोघांच्याही आया खूश. तर म्हणे अजून पाच मिनिटं जास्तीची खेळायची. कामाक्षी देवाचं नाव घ्यायला लागली आणि एकीकडे सुंडल खायला. काय ती पाच मिनिटं! पोरं पडत होती, उठत होती, एकाचा गुडघा सोलला तरी तो पळतच होता. शेवटी नऊ सेकंद उरले आणि आपण एकानं मागे. तेवढ्यात राणोजीला कोणी तरी ढकललं, शिट्टी वाजली, आणि त्याला दोनदा चेंडू टाकायला मिळाला. एकटा उभा, बाकी सगळे नुसते बघताहेत. पहिला गेला. दुसरा कड्यावर गोल फिरला, फिरला, मला वाटलं आता बाहेर पडतोय, आणि गेला आत. मग कोइमतूरच्यांनी लांबून फेकला तो कड्याला लागून बाहेर उडाला म्हणे. म्हणे म्हणजे, मी डोळे गच्च मिटले होते. आवाजावरून कळलं आपण जिंकलो. अडुसष्ट सदुसष्ट.

सगळ्या पोरांनी एकमेकांना उचललं, नाचवलं. नऊ नंबरचा बनियन घातलेला एक पोरगा माझ्या पाया पडला. तुझा नंबर. मी त्याला विचारलं, आधी हा नंबर कोणाचा होता माहीत आहे का? तो बिचारा पहिल्या वर्षाचा. नाही पाटी, म्हणाला. मी म्हटलं, बरं बरं, छान खेळलास.

राणोजी आम्हाला बस स्टॉपवर सोडायला आला. नुसता घामानं निथळत होता आणि हसत होता. कामाक्षी पुढं जाऊन बसचा नंबर बघत होती तेव्हा मी त्याला विचारलं. म्हटलं, तुला तरी तो पत्र लिहितो, मला खरं सांग, आशू माझ्यावर इतका कशानं रागावलाय? माझ्या मनात तेच होतं, आठ महिने. तुला कुठून तरी कळलं असणार, म्हणून तू येत नाहीस. राणोजीचं हसू गेलं. तो म्हणाला, पाटी, तो रागावलेला नाही. त्याला तुमच्यासमोर यायची लाज वाटते. आजीनं एकच काम सांगितलं होतं, रेल्वेचं क्वार्टर वाचव, आणि माझ्याकडून तेवढंही झालं नाही, असं लिहितो. बस आली. कामाक्षीनं मला हाताला धरून चढवलं. घरी येईपर्यंत ती मॅचचंच बोलत होती आणि मी हं हं करत होते.

तर आता ऐक. रत्नाकर गेला तेव्हा तुझी आई अंथरुणातून उठत नव्हती, म्हणून ऑफिसात मी गेले होते. वडील नोकरीत असताना गेले की मुलाला रेल्वेत घेतात, त्याचा अर्ज करायला. तिथला क्लार्क भला माणूस होता. त्यानं मला खुर्ची दिली आणि तमिळमध्ये नीट समजावून सांगितलं, अम्मा, मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे ना, त्याला डिग्री होऊ द्या. अर्जाला पाच वर्षं मुदत असते. शिकून आला तर टेबलाची जागा मिळेल, आत्ता आला तर हातोडा घेऊन रुळांवर चालावं लागेल. मला सगळं कळलं, आशू. अडतीस वर्षांत एवढं तमिळ मला आलंय. मग मी विचारलं, क्वार्टरचं काय? तो म्हणाला, ते सोडावं लागेल. मुलगा लगेच लागला आणि इथंच नेमणूक मिळाली तर त्याच्या नावावर होऊ शकतं, पण त्यासाठी पोराचं शिक्षण मोडू नका. घरी येऊन मी तुम्हाला दोघांना सांगितलं की नोकरी आत्ताच घ्यायची, नाही तर हातची जाते.  तू उठलास, खेळायचे बूट जुन्या पेपरात गुंडाळलेस आणि कपाटावर ठेवलेस. तुझे आजोबा याच घरातून गेले, रत्नाकर याच घरात लहानाचा मोठा झाला आणि याच घरातून गेला. मला इथून उठवत नव्हतं, एवढंच कारण. नोकरी कुठं पळून जात नव्हती. मी खोटं बोलले. मग तुला टाकलं जोलारपेटला, आणि मे महिन्यात क्वार्टरचा नकार आला, तेव्हाही मी तुझ्यासमोर पदराला डोळे पुसत बसले आणि खरं बोलले नाही.

आज सकाळी हे तुझ्या आईला सांगितलं.  तिनं मला चहा करून दिला, स्वतः घेतला नाही. जुलैत आम्ही इथून निघतोय, विल्लिवाक्कमला दोन खोल्या बघितल्यात. घर तुझ्यामुळे गेलं नाही, बाळा. ते जाणारच होतं, मीच तुला त्याच्यामागे फुकट पळवलं. तुझं कॉलेज मला परत आणता येत नाही, आणि माफ कर म्हणायला जीभ उचलत नाही. पण आठ महिने तू स्वतःला दोष देत बसलास आणि मी इथं गप्प राहिले, ते यापुढं नको. तुझ्या आईसाठी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. किंवा ये आणि माझ्यावर ओरड, क्वार्टरांच्या सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं ओरड. तो राग माझ्या वाटणीचा आहे, तू तो एकटा खात बसू नकोस.

उत्तराची वाट बघत नाही, तुझीच बघते आहे.

तुझीच,
आजी