भरली विहीर

१४ सप्टेंबर, रविवार

बकरी वाचली. मी वाचवली नाही!

वावरातल्या विहिरीच्या काठावर चरताना तिचा पाय सटकला आणि गेली खाली. विहीर यंदा काठोकाठ. मी दोन हातांच्या अंतरावर उभा, हातात दोर – आणि पाय जागचे हलेनात. निंदणाच्या बाया ओरडल्या. त्यातली भुरीबाई खुरपं टाकून धावली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी बाई. शेजारच्या तांड्यावरून वीस वर्षं आमच्याकडे कामाला येते. बकरीला धरून पायऱ्यांपाशी आली तेव्हा ओरडली, "भाऊ, दोर तरी फेका!" मग कुठे फेकला.

१५ सप्टेंबर

दिवसभर डोक्यात एकच. दिवाळीत प्रेरणा येणार. लेकीची लेक, सहा वर्षांची, एका जागी टिकत नाही. बकरीच्या जागी ती असती तर?

बायको कोकिळा म्हणते, "कठडा बांधून टाका नं एकदाचा." गवंड्याला सांगितलंय. सोयाबीन निघालं की येतो म्हणाला. कठडा होईल. पण मी नुसता उभा राहिलो, त्याचं काय?

नऊ वर्षांचा होतो. मामानं विहिरीत ढकललं. त्यांच्याकडे पोहणं असंच शिकवत. सगळी पोरं शिकली, मी तेवढा राहिलो. तेव्हापासून पाणी म्हटलं की छाती धडधडते. स्वतःच्या विहिरीत कधी उतरलो नाही. मोटर बिघडली तर दुसरा माणूस खाली जातो, मी वरून सूचना देतो. सूचना उत्तम देतो!

१७ सप्टेंबर

ठरवलं. शिकायचं. सत्तावन्नाव्या वर्षी.

भुरीबाईला विचारलं. वाटलं हसेल. हसली नाही. खुरपं खाली ठेवून म्हणाली, "उद्या सकायीच या. तेलाच्या दोन रिकाम्या कॅना आना."

कोकिळा मात्र पोट धरून हसली. हसून झाल्यावर म्हणते, "दोर मी धरीन. कुंकू माह्यं हाय."

१८ सप्टेंबर

गुडघ्यापर्यंत. बस.

२१ सप्टेंबर

आज लबाडी केली. भुरीबाईकडे पाहुणे, ती तांड्यावरच राहिलेली. कोकिळाला म्हटलं, मी एकटाच जाऊन सराव करतो. गेलो. तिसऱ्या पायरीवर बसलो. हिरवं पाणी, खाली तळ दिसत नाही. अर्धा तास बसून राहिलो. मग अंगातल्या सदऱ्यासकट डोक्यावर बादलीनं थोडं पाणी ओतून घेतलं आणि ओल्या अंगानं रुबाबात घरी आलो. म्हटलं, "जमून राह्यलं आता."

कोकिळानं माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. "पोहून आले तं तमाकूची पुडी कोरडी कशी?"

आणि चहा ठेवायला आत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

२३ सप्टेंबर

भुरीबाईला खरं सांगून टाकलं. "मले लय भेव वाटते," म्हटलं. ती पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली. "वाटू द्या नं. भेव जाईल मंग उतरीन म्हनान, तं असेच बसान." पाठीला कॅना बांधल्या. वर कोकिळा दोर धरून. डोळे मिटले आणि पायरी सोडली.

तरंगलो! दहा आकडे मोजेपर्यंत. नंतर कोकिळानं घाबरून असा दोर ओढला की भिंतीवर खांदा घासला. हळद लावली आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

गावभर झालं. सोनं देताना जो तो तेच. "पुंडलिकराव, ऑलिम्पिकले जाऊन राह्यले म्हनते!" म्हटलं, "हो. तिकीट काढ्याले ये." पूर्वी असं कोणी बोललं असतं तर महिनाभर तोंड पाहिलं नसतं त्याचं.

९ ऑक्टोबर

एक कॅन काढली. चार हात मारले आणि गेलो खाली. नाकातोंडात पाणी! तीच चव, मामाच्या विहिरीची. भुरीबाईनं दंडाला धरून काढलं. पायरीवर बसून म्हटलं, बास झालं, मले नाही जमत, ह्या वयात कायले हे खूळ.

भुरीबाई चिडली. वीस वर्षांत पहिल्यांदा. "पोरगी कवा येनार हाय?"

"अठराले."

"मंग बसून काहून राह्यले?"

पुन्हा उतरलो. तिच्या धाकानंच.

१४ ऑक्टोबर

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि परत! कॅन नाही, दोर नाही. भीती वाटलीच. पण हात चालत राहिले. वर आलो आणि रडलो. कोकिळासमोर, भुरीबाईसमोर. लाज वाटली नाही. भुरीबाईला म्हटलं, तुमचे उपकार. ती खुरपं उचलून निंदायला निघून गेली.

१८ ऑक्टोबर

प्रेरणा आली. आल्या आल्या विचारते, "आबा, विहीर किती खोल आहे?"

१९ ऑक्टोबर, रविवार

आज कापसाची पहिली वेचणी. सीतादहीची पूजा केली, वावरात दहीभात शिंपडला, मग सगळे सावलीत जेवायला बसलो. प्रेरणा वावराच्या कडेला धुऱ्यावर खेळत होती. भुरीबाईला सहज विचारलं, "तुमी लहानपनीच शिकल्या असान नं पोहाले?"

"नाई भाऊ. माही बबिता सात वर्साची होती. तांड्याच्या विहिरीत गेली. मी काठावर उभी. मले पोहता येत नोतं. मंग शिकली मी."

वीस वर्षं आमच्याकडे येते. मी कधी विचारलं नव्हतं, लेकरं किती.

ती प्रेरणाकडे पाहत म्हणाली, "तुमी पह्यलेच शिकले. बरं केलं."