सतरा नंबरचा आहारतक्ता

बोरीवली (पूर्व),
दिनांक १४ नोव्हेंबर २०२४

मी, बाळा गणू राऊळ, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, अंधेरी येथील मेंदू संशोधन संस्थेच्या प्राणिगृहाचा निवृत्त प्रमुख परिचर, हे पत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे.

चि. धोंडिराम यास अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे. जानकीचा उजवा गुडघा थंडीत धरतो, एवढेच. तू वर्सोव्यास बर्फाच्या कारखान्यात लागल्याचे कळले. बर्फावर उभे राहताना पायांत रबरी बूट घालत जा. तुझी ती झिजलेली चप्पल प्राणिगृहातही मला पसंत नव्हती, व हे मी तुला वेळोवेळी बजावले होते.

तीन वर्षांत आपला पत्रव्यवहार नाही. मी वडीलधारा असून प्रथम लिहीत आहे, ही गोष्ट तुझ्या लक्षात यावी.

गेल्या रविवारी डॉ. अनुपमा घरी आल्या होत्या. पेढे आणले होते. त्यांच्या चकतीला आता माणसावर प्रयोग करण्याची परवानगी मिळण्याच्या बेतात आहे. केसाहून बारीक तारांची ती चकती मेंदूत बसवली की लुळा माणूस नुसत्या विचाराने यंत्र चालवतो, हे तुला ठाऊक आहेच. पहिले नाव सुनंदाबाईंचे आहे. सुनंदाबाई म्हणजे त्या चाकांच्या खुर्चीतल्या शिक्षिका, ज्यांना मानेखाली हालचाल नाही आणि ज्या एकदा आपली माकडीण पाहावयास आल्या होत्या.

त्या दिवशी बाईंनी विचारले होते, "हिला दुखतं का हो?"

मी प्रमुख असल्याने उत्तर देणे माझे काम होते. मी म्हणालो, "नाही बाई, भूल देतात." तरी त्या माझ्याकडे न पाहता तुझ्याकडे पाहत राहिल्या. तू काही बोलला नाहीस. तुझे ते न बोलणे त्यांना पटले, माझे बोलणे पटले नाही. मला ते तेव्हाच लागले होते.

लागण्यासारखे तुझ्यात काय होते, हे मी पुष्कळदा शोधले आहे. प्राणिगृहात मी छत्तीस वर्षे काढली. निवृत्तीनंतरही संस्थेने मला ठेवून घेतले, कारण जनावर माझ्या हातात तडफडत नसे. सतरा नंबर, म्हणजे आपली ती माकडीण, आली तेव्हा सहा महिन्यांची होती. बाटलीने दूध मी पाजले. चार वर्षे तिने माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घालून शेंगदाणे काढले. तू आलास तो नंतर, माझ्या शिफारशीने, आणि पिंजरा कसा धुवावा हेही तुला मीच शिकवले.

तरीही पहिली चकती बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती तुझी झाली.

आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. भुलीची सुई टोचताना, जनावराचा ज्याच्यावर सर्वांत अधिक विश्वास, त्यानेच त्यास धरावयाचे. तो मान माझा होता. त्या सकाळी मी तुला म्हणालो, "आज तू धर, शीक." तू मागे सरकलास. म्हणालास, "अण्णा, माझ्याच्यान व्हवचा नाय. ती माझ्याकडे बघता."

मी हसून म्हणालो, "ती सगळ्यांकडेच बघते रे. तिला दुसरा उद्योग काय?"

मग मी धरले. तिने माझ्या खिशात हात घातला, तेवढ्यात सुई गेली. शेंगदाणे तिच्या मुठीतच राहिले होते. ते मी सोडवून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या हातचे अन्न घेतले नाही. मी पिंजऱ्यापाशी गेलो की ती मागच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसे. तू गेलास की पुढे येई. तुझ्या हातून केळ्याचे दोन तुकडे खाई व तुझे बोट धरून बसे. तू तिच्याशी मालवणीत बोलत असस: "गो बाय, एक घास खा मगे." ती खाई. माझी शुद्ध भाषा तिने चार वर्षे ऐकली होती, ती व्यर्थ गेली. सुईच्या वेळी ज्याने हात आखडता घेतला तो प्रिय, आणि ज्याने कर्तव्य केले तो वैरी, हा कोणता न्याय? हा प्रश्न मी आजही तुला विचारतो. तुझ्याकडे उत्तर असल्यास कळव.

आता ज्यासाठी हे पत्र लिहावयास घेतले, त्याकडे येतो.

आहारतक्ता माझ्या हातचा असे. प्रमुख परिचराच्या हातून जनावराने लागोपाठ दोन वेळा अन्न नाकारले, तर तसे लिहून डॉक्टरांना बोलवावयाचे, आणि पुढची शस्त्रक्रिया थांबावयाची, असा नियम होता. तू मला म्हणालास, "अण्णा, तिका दुखता. तुमच्या हातचा खाणा नाय, ता तसाच लिवा. त्यात लाज कसली?"

मी म्हणालो, "मला नियम शिकवू नकोस. तू पिंजरे धू."

तू म्हणालास, "पिंजरे धुतंय. पण ता कागदार येवक होया."

मी कागदावर लिहिले: 'पूर्ण खाल्ले.' पाच दिवस, दोन्ही वेळा, वळणदार अक्षरात. अन्न मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. डॉ. अनुपमा रोज सकाळी येत, पिंजऱ्याबाहेरून जखम बघत आणि तक्ता बघत. म्हणत, "राऊळकाका आहेत म्हणून मी निर्धास्त." ते ऐकून मला बरे वाटे.

तिसऱ्या दिवशी तुझी बदली सशांच्या खोलीत झाली. ती वरून झाली असे मी तुला सांगितले होते. ती मी मागून घेतली होती. तू दिसला नाहीस की तिला भूक लागेल, आणि भूक लागली की ती माझ्याकडे येईल, असा माझा हिशेब होता. ती आली नाही. तिचे डोळे चिकटले होते व अंग तापले होते. ते मला दिसत होते. मी दोन्ही वेळा हात आत घालून उभा राहत असे.

पाचव्या दिवशी मी डबा खात असताना तू केळे घेऊन आत गेलास आणि डॉक्टरांनी तुला पाहिले. सहाव्या दिवशी तिच्या डोक्यात दुसरी चकती बसवली. आठव्या दिवशी ती गेली. मेंदूत पू झाला होता. चौकशीत मी जबाब दिला की, पाचव्या दिवसापर्यंत जनावर पूर्ण खात होते, आणि परवानगीविना आत जाऊन बाहेरचे अन्न देणारा इसम धोंडिराम हाच. तुला काढून टाकले. तू जाताना माझ्या पाया पडलास. त्याचाही मला राग आला होता.

रविवारी डॉ. अनुपमा म्हणाल्या, "काका, तुमच्या तक्त्यानेच निभावलं. पाच दिवस नीट खात होती, म्हणजे तारांनी काही केलं नाही. जंतू धोंडिरामच्या हातातून गेले. ते सिद्ध झालं म्हणून सुनंदाताईंचा नंबर लागतोय." मी पेढा तोंडात घातला होता. तो मी गिळला.

डॉ. अनुपमा तशा वाईट नाहीत. त्यांनी खरोखरच तक्त्यावर विश्वास ठेवला. परंतु त्या जनावराला बोलता येत नव्हते, त्याच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद होता, आणि तो मी खोटा केला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवसापासून ती माझ्या हातचे खात नव्हती हे कागदावर असते, तर दोष चकतीकडे गेला असता. आता तीच चकती सुनंदाबाईंच्या डोक्यात जाणार आहे.

ही परवानगी ठरवणाऱ्या संस्थेच्या समितीची बैठक येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आहे. वरील सर्व मजकुराचा जबाब मी लिहून सोबत जोडला आहे. परंतु एकदा खोटे लिहिलेल्या म्हाताऱ्याचे दुसरे लिहिणे कोण मानील? काकांना वयामुळे भ्रम झाला, असे म्हणतील. तू प्रत्यक्ष पाहिले आहेस. तू माझ्यासोबत यावेस, ही विनंती आहे. आज्ञा देण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

मला क्षमा कर, असे मी लिहिणार नाही. कारण मनातले अजून स्वच्छ झालेले नाही. शेवटच्या दिवशी तिला खोलीबाहेर नेताना तिने सशांच्या खोलीच्या दाराकडे मान वळवली होती. गाडी मीच ढकलत होतो. ते तीन वर्षे माझ्या डोळ्यांपुढून हललेले नाही, आणि खरे सांगावयाचे तर अजूनही मला तिच्या मरणाच्या आधी त्या मान वळवण्याचेच दुःख होते. असा मी आहे. असाच तुझ्याबरोबर येईन.

शेजारचे चंद्रप्रकाश न्यायालयात कारकून होते, म्हणून त्यांना साक्षीस बोलावले. मी म्हणालो, "फक्त सही पाहा, मजकूर खाजगी आहे." जानकी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग साक्ष कसली? वाचून दाखवा, आम्हालाही कळू दे." मी उभा राहून सर्व वाचले. चंद्रप्रकाशांनी चष्मा पुसला व सही केली. जानकी म्हणाली, "तीन वर्षं मला सांगत होतात, धोंड्याने माकडीण मारली. दिवाळीत तो दारात आला, तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही." मग सही तिनेही केली.

तुझा,
बाळा गणू राऊळ
(सही स्वहस्ताची)

समक्ष हजर:
१. सौ. जानकी बाळा राऊळ, पत्नी. सही केली.
२. श्री. चंद्रप्रकाश, शेजारी, निवृत्त कारकून. सही केली.
३. श्री. धोंडिराम, परिचर. प्राणिगृहात प्रत्यक्ष हजर असलेला एकमेव इसम. सहीची जागा मोकळी ठेवली आहे.