फाटक ते हमरस्ता

१२ मार्च

फाटकावर आज पुन्हा माझा फोटो काढला. दूध आणायला गेलो होतो, वीस मिनिटांत परत आलो, तरी फोटो. पहारेकरी नवा होता. कोणाकडे जायचंय, विचारलं. माझ्याच घरी, म्हटलं. त्याने वर फोन लावला – एक वयस्कर गृहस्थ आलेत, आत सोडू का? लेक घरूनच काम करते, पण तेव्हा तिची मीटिंग चालू. फोन उचलेना. दुधाची पिशवी मांडीवर घेऊन पाऊण तास बाकावर बसलो.

चौतीस वर्षं बस चालवली. लाखांनी माणसं आत घेतली. माझ्याबद्दल कुणी 'आत सोडू का' विचारेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, म्हणूनच तर इथे मला घोर नाही. मी दूध तापवायला ठेवलं.

१५ मार्च

नऊ इमारती, अडीचशे घरं, भोवती दीड पुरुष उंच भिंत, फाटक एकच. आत सगळं आहे. हिरवळ आहे, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. तलाव आहे, त्यात टोपीशिवाय उतरायचं नाही. लिफ्टमध्ये माणसं आपापल्या बुटांकडे बघतात.

ही गेल्यावर मी आमच्या दोन खोल्यांत एकटाच मजेत होतो. जिन्यावरून पडलो तिथे सगळं फिसकटलं. लेक एकटी, मी एकटा – तिने ऑफिसजवळचं घर सोडलं आणि मला घेऊन इथे आली. माझ्यासाठी आली, म्हणून तक्रारही करता येत नाही. ती इथेच करायची, या वहीत.

१६ मार्च

काही घडलं नाही. उद्याही घडणार नाही.

२१ मार्च

क्लबहाउसच्या मागे ताडपत्रीखाली एक बस उभी आहे!

मांजरीच्या मागे गेलो तर ही सापडली. मिनीबस, सव्वीस आसनी. घरं विकताना बिल्डरने दिली होती म्हणे, रहिवाशांना हमरस्त्यापर्यंत ने-आण करायला. पहिल्याच वर्षी ड्रायव्हर सोडून गेला. सगळ्यांकडे गाड्या, मग कोण विचारतो? टायरला हात लावून बघितला. चाकं थकलेली नाहीत, नुसती कंटाळली आहेत.

सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो. यांना मी मनातल्या मनात 'परिपत्रक' म्हणतो, कारण आठवड्याला निदान तीन परिपत्रकं काढतात. कुंड्यांचं वेगळं, पायपुसण्यांचं वेगळं. पण गड्याने फाइल काढली आणि मी गार! विमा चालू, तपासणी चालू, कर भरलेला. दरवर्षी तपासणीला नेतात, परत आणून झाकतात. सगळं चालू आहे, फक्त बस चालू नाही.

जरा देखभाल करू का, विचारलं. लेखी अर्ज द्या, म्हणाले. दिला.

२९ मार्च

बस चालू झाली! लेखी परवानगी आली, मग नवी बॅटरी, तेल, पट्टा. ब्रेकच्या हवेचा काटा सावकाश वर चढला आणि इंजिन असं काही घुमलं की चौथ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. आतल्या रस्त्यावरून दोन चकरा मारल्या. लेक खिडकीत उभी होती. बऱ्याच दिवसांनी तिने मला हात केला.

४ एप्रिल

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई आज आल्या नाहीत. लेक आणि मी त्यांना लंबूताई म्हणतो – दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढ्या उंच. कधी खाडा नाही. साडेदहाला फोन आला. सकाळी फाटकाकडे येताना डंपरच्या आरशाचा फटका बसला. खांद्याचं हाड मोडलं. डोकं थोडक्यात वाचलं.

हमरस्त्यावरच्या थांब्यापासून आमचं फाटक तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंना आमच्यासारख्याच वसाहतींच्या भिंती. मध्ये डांबर, आणि डांबरावर डंपर. घराघरांत काम करणाऱ्या बायका रोज तेवढं अंतर चालत येतात, चालत जातात. मला माहीत होतं. रोज बघत होतो. नुसतं बघणं वेगळं, लक्षात येणं वेगळं.

५ एप्रिल

दवाखान्यात गेलो. खाटेवर पाय मावत नव्हते त्यांचे. आपलीच चूक झाल्यासारख्या बोलत होत्या. दीड महिना येता यायचं नाही, ताईंची जेवणाची पंचाईत होईल, म्हणत होत्या. मी म्हटलं, ते सोडा, झालं कसं?

म्हणाल्या, "काका, मी कडेकडेनेच चालले होते. पुढे कडच नव्हती."

घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

७ एप्रिल

अर्ज दिला. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी एक, संध्याकाळी दोन. हमरस्ता ते फाटक, फाटक ते हमरस्ता. ज्याला चढायचं त्याने चढावं. चालवणार मी. माझा परवाना जिवंत आहे, बिल्ला जिवंत आहे, डोळे गेल्याच महिन्यात तपासले.

८ एप्रिल

परिपत्रक निघालं. 'सोसायटीचे वाहन हे सदनिकाधारक व त्यांचे पाहुणे यांच्याच वापरासाठी असून घरकाम करणाऱ्या व्यक्तींसाठी उपलब्ध करून देता येणार नाही.' एकही शुद्धलेखनाची चूक नाही!

लेकीने वाचलं. भाजी करपत होती तरी ती कागद धरून उभी. आता काय करणार, तिने विचारलं. मी म्हटलं, दीडशे सह्यांवर सर्वसाधारण सभा बोलावता येते असं नियमात आहे. तिने गॅस बंद केला, चपला घातल्या आणि म्हणाली, चला.

११ एप्रिल

तीन दिवसांत दोनशे बारा दारं. घंटा वाजवायची, पायपुसण्यावर उभं राहायचं, सांगायचं. काहींनी सांगितलं, आमचं काही म्हणणं नाही, पण सही नको. एका आजोबांनी सहीआधी तासभर त्यांची बदलीची गावं सांगितली. ऐकली सगळी. पाच महिन्यांत इथे एवढं कुणी बोललं नव्हतं माझ्याशी! चौथ्या मजल्यावरच्या बाई तर आमच्याबरोबर फिरायलाच लागल्या. सह्या एकशे चौसष्ट.

१३ एप्रिल

सकाळी फिरताना परिपत्रकांनी मला गाठलं. वाटलं, आता जुंपणार. पण ते शेजारून चालत राहिले आणि हळू आवाजात बोलले. इथे यायच्या आधी त्यांचं स्वतःचं घर होतं, अंगण होतं. एका दुपारी तिघे जण आत शिरले. बायको घरात एकटी. बांधून ठेवलं होतं तिला, पाच तास. त्या घरात नंतर ती एक रात्रही झोपली नाही. म्हणून ही भिंत, हे फाटक, ही नोंद, हे फोटो.

"तुम्हाला मी खडूस वाटतो," ते म्हणाले. "मला नुसतं मोजायचं असतं, आत किती आले, बाहेर किती गेले."

 इतके दिवस भिंतीला नावं ठेवत होतो. ती कुणासाठी बांधलीय हे विचारलं नव्हतं. थोडं चालून मी म्हटलं, तेवीस बायका एकदम बसमधून आल्या, तर मोजायला सोप्या नाहीत का? थांबले. बोटांवर काहीतरी मोजू लागले.

२० एप्रिल

जिंकलो!

नीट लिहून ठेवतो. क्लबहाउस भरलेलं, मागे लोक उभे. एक गृहस्थ उठले – आज बस मागतायत, उद्या तलाव मागतील. टाळ्याही पडल्या. मग माझी पाळी. मला भाषण येत नाही. जन्मभर लोकांकडे पाठ करून बसलो, पोटापाण्यासाठीच! हातांना काम नव्हतं, स्टेअरिंग नव्हतं ना धरायला.

फाटकावरची वही मी अध्यक्षांच्या परवानगीने मागून घेतली होती. पहिलं पान दाखवलं. वर छापलंय – 'पाहुण्यांची नोंद'. लंबूताईंचं नाव काढलं. मार्च महिन्यात सव्वीस वेळा. म्हटलं, आपल्याच वहीत त्या पाहुण्या आहेत, आणि आपल्याच नियमात बस पाहुण्यांसाठी आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या घरी मी वर्षात सव्वीस वेळा जात नाही. लोक हसले. हसल्यावर माझी भीती गेली.

मग लंबूताईंचं ते वाक्य सांगितलं. कड नव्हती ते. त्यापुढे काही जोडलं नाही. खाली बसलो.

पहिला हात माझ्या लेकीचा. बाजूने एकशे अठरा, विरोधात एकाहत्तर. परिपत्रकांनी हात कुठेच वर केला नाही. आकडे मात्र तेच मोजत होते, दोनदा, आणि निकाल त्यांनीच वाचला. खणखणीत.

घरी येताना लिफ्टमध्ये अनोळखी माणसाने माझा हात हातात घेतला. बुटांकडे बघायचं विसरला असावा.

२२ एप्रिल

पहिली फेरी. सहा चाळीसला हमरस्त्याच्या थांब्यावर गाडी लावली. अकरा बायका आणि दोन माळी उभे. दार उघडलं, तर सगळे दोन पावलं मागे सरले! बसला जागा करून देत होते. गाडी सोसायटीची, म्हणजे आपण बाजूला व्हायचं.

मी खाली उतरलो. चला, म्हटलं. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी विचारलं, कुणाला विचारायला लागेल का? म्हटलं, कुणालाही नाही. पायरी जरा उंच आहे, तेवढी सांभाळा.

चढल्या. पहिल्यांदा सगळ्या नुसत्या टेकल्या, सीटच्या पुढच्या काठावर. मग मागून कुणीतरी पत्र्यावर दोन थापा मारल्या – डबल बेल! पाय आपोआप क्लचवर गेला. तीन किलोमीटर, आठ मिनिटं. एक डंपर मागून हॉर्न मारत होता. मारू दे.

२३ एप्रिल

दारादारांवर वेळापत्रक लागलंय. तक्त्यात, ठळक अक्षरांत, मिनिटासकट. खाली सही – परिपत्रकांची. माझ्या आगारात असं वेळापत्रक कधी निघालं नव्हतं!

२ मे

आता दुपारच्या फेरीला आतलीही माणसं असतात. गाडी दारात असूनही येतात. बाजाराला, नुसतंच फिरायला. काल बदलीच्या गावांवाले आजोबा आणि पहिल्या फेरीतल्या त्या वयस्कर बाई शेजारी बसले. त्या त्यांच्याच वरच्या मजल्यावर नऊ वर्षं भांडी घासतात. एकमेकांना कुठून येता म्हणून विचारत होते.

आज परिपत्रक सपत्नीक आले. त्या खिडकीशी बसल्या, फाटक ओलांडताना नवऱ्याची बाही धरली, हमरस्त्यापर्यंत सोडली नाही. उतरल्या नाहीत, त्याच बसने परत आल्या. उतरताना मला म्हणाल्या, उद्या किती वाजता?

१९ मे

लंबूताई आल्या! खांदा बरा आहे, जड उचलायचं नाही. मी पुढची सीट राखून ठेवली होती. फाटकाशी पहारेकऱ्याने दांडा वर केला, बसमधली डोकी मोजली, सलाम ठोकला. त्यांनी मागे वळून फाटकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, सहा वर्षं या वसाहतीत येतेय, पण या फाटकातून बसून आत आले ती आजच.

लेकीने त्यांना स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही. आज मीच करते, म्हणाली. करपलंच. तिघांनी खाल्लं.

२६ मे

दुसऱ्या फेरीला हमरस्त्यावरून एक नवं जोडपं चढलं. घर बघायला आलेलं. तिने विचारलं, राहण्यासारखं आहे का हो इथे? तीन किलोमीटर बोललो. वारा, झाडं, शेजार – काही सोडलं नाही. भिंतीचंसुद्धा कौतुक केलं! दोघं खूश. उतरले ते आमच्याच इमारतीपाशी. पाणी प्यायला मीही वर गेलो, तर आमच्याच दारात उभे.

लेकीचा चेहरा पडला. मार्चमध्येच तिने दलालाकडे घर विकायला टाकलं होतं. मला सांगितलं नव्हतं. "तुम्ही इथे गुदमरत होतात, बाबा," ती म्हणाली.

परत सोडायला मीच नेलं त्यांना. पाण्याचा दाब कसा कमी असतो, दुसरी लिफ्ट कशी अडकते, पश्चिमेची भिंत पावसाळ्यात कशी ओल धरते, सगळं सविस्तर सांगितलं. एक अक्षर खोटं नाही. गाडी मात्र अगदी सावकाश चालवली. काही सांगायचं राहून जायला नको.