घरी नेलेले सहा जण

सायगॉन, मंगळवार

प्रिय बा,

शेवटचा श्वास घरी जावा म्हणून ज्याला दवाखान्यातून घरी नेलं, तो कागदावर 'बरा होऊन गेला' असा कसा होतो? आपणही आजोबांना असंच आणलं होतं, बोटीत, श्वास चालू राहावा म्हणून तोंडावर धरलेला हवेचा फुगा दाबत दाबत.

नव्या औषधाच्या चाचणीची आकडेमोड माझ्याकडे आहे. तिच्यात असे सहा जण बरे झालेल्यांत मोजलेत. मी विचारलं, तर मोठे डॉक्टर किएम हसले. "दारातून जाताना श्वास चालू होता ना? मग आपल्याकडे मेलं कोण, पोरी? तू बीजगणित शिकलीस ना, तेवढंच बघ!"

तेच बघतेय! बीजगणितात एक ओळ खोटी निघाली की तिच्यावरचं सगळं कोसळतं. इथे त्या खोट्या ओळीवर उद्या हे औषध माणसांच्या शिरांत जाणार.

मी वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? आणि 'आमची पोरगी मोठ्या दवाखान्यात आहे' असं बाजारात सांगणं तूर्त थांबवा.

शनिवार-रविवारी मी त्या सहाही जणांच्या घरी गेले, उदबत्ती लावली, मृत्यूच्या तारखा विचारून घेतल्या. काल सकाळी ती यादी माझ्या सहीनिशी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीच्या हातात दिली.

तुमची थोरली,
दिएप