खोक्यातले प्लग

दादा,

बाबांच्या गाडीला नवे स्पार्क प्लग आणायला जातेय. नमुन्याला एक जुना बरोबर घेतलाय. जरा लांब आला तर आत पिस्टनला लागतो.

कपाटातल्या खोक्यातले लावू नकोस. नवे बसवले की काढलेले जुने बाबा त्याच खोक्यात ठेवायचे. टाकवायचे नाहीत त्यांना. मला काय ठाऊक. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मीच हौसेने ते नवे समजून बसवले. सकाळी दवाखान्यात न्यायला त्यांना मागच्या सीटवर झोपवलं, तर गाडी चालूच होईना.

"प्लग कुठले लावलेस?" बाबांनी विचारलं.

"खोक्यातले."



आई तेव्हा गावाला होती. रस्ता बंद होता म्हणून दवाखान्यात पोचायला उशीर झाला, असं तिला सांगितलंय. तूही तेच सांग.

चहा गाळून ठेवलाय.