पाऊण अधिक अर्धा

गुरुवार, नाशिक रोड

तरी मी म्हणतो, गुरुजींनी छडीऐवजी एकदा टेप हातात द्यायला पाहिजे होता. शाळेपासून माझं एकच, अपूर्णांक आले की वरच्यात वरचा मिळवायचा, खालच्यात खालचा. आज फर्निचरच्या कामावरही तेच. मिस्त्रींनी विचारलं, पाऊण इंची प्लायवर अर्धा इंची चिकटवला तर जाडी किती? उत्तर जमलं तर मला कटिंगचं काम, नाहीतर परत पॉलिशपेपर घासायचा. मी लिहिलं, तीन अन् एक चार, चार अन् दोन सहा, म्हणजे चार सहांश.

मिस्त्री हसले. "लेका, पाऊणवर अर्धा चढवला अन् जाडी पाऊणच्या खाली गेली? प्लाय हाय का पापड?"

मग टेपवर बोट ठेवून दाखवलं. इंचाचे आठ सूत. पाऊण म्हणजे सहा, अर्धा म्हणजे चार. दहा सूत झाले, म्हणजे सव्वा इंच. आधी सारखे तुकडे करायचे, मग मोजायचे. एवढंच होतं? एवढ्यासाठी शाळा सोडली मी?

"आता पाव इंच अन् पाच सूत?"

"सात सूत!"

"उद्यापासून कटिंग तुझं."

सहा अन् चार दहा, अजून टेपवर बघतोय. लय उपकार झाले मिस्त्रींचे. हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, शंभर रुपयांनी वाढली. गावी पेठला आईला चार हजार पाठवायचो, ह्या महिन्यात पाच हजार.